मुकी बटणं

आकुर्डीत स्टेशनच्या रस्त्याला माझं छोटं ऑफिस होतं. गेल्या वर्षी ते बंद केलं. पाटीवर लिहिलं होतं, ‘दृष्टिहीनांसाठी संगणक साहाय्य’. पाटी वाचून आत येणाऱ्यांपैकी निम्मे लोक झेरॉक्स मागायचे. काहीजण चष्म्याचा नंबर काढून मिळेल का विचारायचे, आणि एका काकूंनी तर मोतीबिंदूचं शिबिर कधी आहे ते विचारून नवऱ्याचं नावसुद्धा सांगून ठेवलं होतं. ज्यांच्यासाठी पाटी लावली होती त्यांना ती वाचता येत नव्हती, ही गोष्ट बायकोनं सांगेपर्यंत माझ्या डोक्यात आली नव्हती. पाटीला मात्र मी दर दिवाळीला रंग देत राहिलो.

मी काय विकायचो ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं भांडण नीट कळेल. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे असतं ते मोठ्यानं बोलून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं. त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. अंध माणूस माउस वापरत नाही, त्याचं सगळं काम कीबोर्डवर. टॅबचं बटण दाबलं की तो पडद्यावरच्या एका गोष्टीवरून पुढच्या गोष्टीवर जातो, आणि तिथं काय आहे ते सॉफ्टवेअर कानात सांगतं. ‘नाव, इथे लिहा’, ‘सेव्ह, बटन’, असं. सवय झालेली माणसं हे इतक्या वेगानं ऐकतात की आपल्याला वाटावं शेजारी कुणीतरी मिक्सर लावलाय.

आता लोकांचा एक गैरसमज. या सॉफ्टवेअरला डोळे नसतात. त्याला चित्र दिसत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं आतून प्रत्येक बटणाला नाव दिलेलं असतं, ते नाव ते वाचतं. लिहिणाऱ्यानं छान हिरवी टिकमार्क काढली आणि नावच दिलं नाही, तर ते बिचारं नुसतं ‘बटन’ म्हणतं आणि गप्प बसतं. आम्ही त्यांना मुकी बटणं म्हणायचो. एखाद्या सरकारी कचेरीत सगळ्या दारांवर नुसतं ‘दार’ असं लिहिलंय अशी कल्पना करा. साहेब कुठल्या दारामागे आणि संडास कुठल्या, हे उघडल्याशिवाय कळायचं नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एका कॉलेजनं माझ्याकडून स्क्रीन रीडर घेतला आणि तो घातलेला कॉम्प्युटर कपाटात कुलपात ठेवला. महाग वस्तू, मुलं खराब करतील म्हणून. तपासणीला कुणी येणार असलं की तो बाहेर निघायचा, पुसला जायचा, आणि मला फोन यायचा, ‘जरा बोलता करून द्या हो.’ ज्या मुलांसाठी तो घेतला होता ती मुलं बाहेर बाकावर बसून मित्रांकडून नोट्स वाचून घ्यायची. मी दोनदा सांगून पाहिलं आणि मग हात टेकले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

भोसरीतल्या एका गिऱ्हाइकाची गंमत वेगळी. हा गृहस्थ एका कंपनीत पत्रव्यवहार बघायचा. आपली पत्रं शेजारच्या टेबलावरच्यांनी का वाचावीत, म्हणून तो पडदा काळा करून ठेवायचा. तशी सोय असते सॉफ्टवेअरमध्ये. त्याला काय, उजेड असला काय नि नसला काय. तर कंपनीच्या कॉम्प्युटरवाल्यांनी त्याचा मॉनिटर बदलला, वायर बदलली, शेवटी आख्खं मशीन उचलून न्यायला आले. तोवर हा आपला काळ्या पडद्यावर टायपिंग करतोय. ‘काय राव, चालू मशीन नेताय होय?’ म्हणून तो त्यांच्यावरच उखडला.

आता शकील. शकील शेख, राहणार देहूरोड. लहानपणीच दृष्टी गेलेली. भावाचं गाड्यांचं गॅरेज, तिथं वरच्या खोलीत हा कॉम्प्युटर शिकला आणि सुरुवातीला माझंच गिऱ्हाईक होता. मी विकायचो ते सॉफ्टवेअर परदेशी आणि महाग. आकडा सांगत नाही, उगाच कशाला. मग परदेशातल्याच काही अंध मंडळींनी मिळून एक स्क्रीन रीडर तयार केला आणि जगाला फुकट देऊन टाकला. शकीलनं तो पेनड्राइव्हमध्ये भरला, पेनड्राइव्ह दोरीनं गळ्यात अडकवला, आणि देहूरोडपासून चाकणपर्यंत वाटत सुटला. मी जिथं जिथं पोचलो होतो तिथं तिथं हा पाठोपाठ जायचा.

‘शेठ,’ तो मला म्हणायचा, ‘डोळेवाल्याला स्क्रीन फुकट दिसते. आंधळ्यानं मात्र आवाज विकत घ्यायचा. ये कुठला इन्साफ?’

‘फुकटातलं बिघडलं तर माणसं फोन कुणाला करणार?’

‘मला,’ तो म्हणायचा. आणि खरंच त्यालाच करायची. वर तो बँकांना, फोन कंपन्यांना, पालिकेला अर्ज करत राहायचा, की तुमची वेबसाइट आम्हाला वाचता येत नाही, कायदा असं सांगतो, तुम्ही तसं करा. मी चहा पाजून काम काढणारा माणूस, तो कलम दाखवून काढणारा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कारटं, या न्यायानं त्याला माझं सॉफ्टवेअर जडशीळ वाटायचं आणि मला त्याच्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटायचा. आम्हा दोघांना आणखी एक खोड होती. गिऱ्हाइकाचं मशीन हाताखाली आलं की कॉम्प्युटर सुरू होताक्षणी आपलंच सॉफ्टवेअर बोलायला लागावं, अशी सोय करून उठायचं. हे सांगावं लागत नसे. हात आपोआपच तिकडे जायचा.

धंदा हळूहळू बसला. नवीन गिऱ्हाइकं शकीलकडे जायला लागली, माझ्याकडे उरली ती जुनी. मंदाताई गव्हाणे त्यातल्या एक, निघोज्याच्या. घरची बरीचशी जमीन कारखान्यांत गेली तेव्हा आईवडिलांना आशा होती की बदल्यात निदान थोरल्या मुलाला कुठंतरी चिकटवून घेतील. त्याला कुणी घेतलं नाही. नोकरी लागली जन्मापासून न दिसणाऱ्या मुलीला, तीही टायपिंगच्या परीक्षेत सगळ्यांना मागं टाकून. चाकणच्या एका कंपनीत, दुचाकीचे सुटे भाग करणाऱ्या, डिस्पॅचला. माल भरलेल्या गाडीबरोबर चलन लागतं, म्हणजे कुठला भाग किती नग आणि कुठं चाललाय त्याचा कागद. तो झाल्याशिवाय गेटवरून गाडी सुटत नाही. स्टोअरमधून फोन यायचा, मंदाताई ऐकता ऐकता टाइप करायच्या, गाडी सुटायची. ड्रायव्हर लोक त्यांना वचकून असायचे. ‘मंदाताई, लवकर करा ना,’ असं म्हणालं की ऐकू यायचं, ‘लवकर पायजे व्हतं तर लवकर यायचं.’

आणि कंपनीनं नवी प्रणाली आणायचं ठरवलं. जुनं सॉफ्टवेअर एका ठरलेल्या सोमवारपासून बंद, सगळं नव्यावर. मंदाताईंनी त्याआधी सरावाला नव्यावर हात ठेवला आणि टॅब दाबत गेल्या. ‘बटन. बटन. बटन.’ सगळी मुकी.

मला बोलावणं आलं. मी तपासलं आणि ती प्रणाली बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीला सांगितलं की तुमच्या बटणांना नावं नाहीत. त्यांचं उत्तर आलं, तुमचं सॉफ्टवेअर आता जुनं झालं, हल्ली सगळे ते फुकटातलं वापरतात, त्याच्यावर नीट चालेल. मंदाताईंनी शकीलला बोलावलं. त्याच्यावरही ‘बटन, बटन’. त्याला उत्तर मिळालं, फुकटातल्या सॉफ्टवेअरची जबाबदारी आम्ही घेत नाही, महागातलं घ्या. खरं तर तेव्हाच आम्ही दोघांनी एकमेकांना एक फोन करायला हवा होता. पण मला मनातून वाटत होतं, फुकटातलं ते, त्यावर चालणार कसं? आणि त्याला वाटत होतं, शेठचं म्हातारं झालंय. त्यामुळे दोघेही गप्प बसलो.

कंपनीतल्या मनुष्यबळ खात्याच्या बाई मनानं चांगल्या. त्यांनी तोडगा काढला. मंदाताईंना रिसेप्शनला बसवू, पगार तोच, दगदग नाही. मंदाताईंनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता.

‘सर, रिशेप्शनला आता फोन तरी येत्यात का? समद्यांच्या खिशात फोन हाय. मला तिथं देवीवानी बसवनार, येता-जाता नमस्कार करनार, आन पुढल्या वर्साला म्हननार, ही हितं करती काय? मग काडनार. मला खुर्ची न्हाई पायजे, काम पायजे.’

मग आवाज खाली आला. ‘न्हाई झालं तर घरी बसावं लागंल. घरी मी काय करू, सांगा की.’

‘बघतो,’ म्हणालो. डॉक्टर म्हणतात तसं.

प्लांटचे प्रमुख कुलथे साहेब. टूलरूममधून वर आलेले, मापात बोलणारे. त्यांनी शुक्रवारी दुपारी सगळ्यांना बोलावलं. नव्या प्रणालीची इंजिनिअर रेवती पुण्याहून येणार होती. नव्या प्रणालीचा कॉम्प्युटर मंदाताईंना वेगळा दिला होता. मी गुरुवारी सकाळी त्यावर माझी नवीकोरी आवृत्ती घालून आलो, की निदान जुनं झालं असं तरी म्हणायला नको. दुपारी शकील जाऊन, माझं तेवढ्यापुरतं गप्प करून, त्याचं घालून आला. संध्याकाळी मशीन बंद झालं. शुक्रवारी ते उचलून वरच्या मजल्यावर मीटिंगच्या खोलीत नेलं, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मोठे स्पीकर जोडले, आणि चालू केलं.

आणि दोघंही बोलायला लागले.

माझं सॉफ्टवेअर भारदस्त पुरुषी आवाजात, शकीलचं डब्यातल्या आवाजात. एक अर्धं वाक्य बोलतो तोवर दुसरा पहिल्यापासून सुरू करतो. मंदाताईंनी एकाला गप्प करायला बटण दाबावं तर ते दोघांनाही लागू व्हायचं आणि दोघंही नव्यानं सुरुवात करायचे. खोलीत एवढा कालवा झाला की बाहेरून शिपाई डोकावून गेला.

‘काय चाललंय हे? ग्रामसभा आहे का?’ कुलथे साहेब म्हणाले.

शकील माझ्या कानाशी आला. ‘शेठ, तुमचं बंद करा.’

‘तू तुझं बंद कर.’

‘माझं का? तुम्ही आधी बोलायला लागलात.’

आयुष्यभर ज्या वस्तूची तारीफ केली ती वस्तू साहेबांसमोर सवतीसारखी भांडत होती, आणि त्यात मंदाताईंची नोकरी चालली होती. रेवती हळूच म्हणाली, ‘सर, हेच आम्ही सांगत होतो. प्रॉब्लेम स्क्रीन रीडरचा आहे.’ मनुष्यबळवाल्या बाईंनी मान डोलावली. त्या क्षणी मला वाटलं, संपलं सगळं. माझं मला काही नव्हतं, दुकान तसंही बंद करायचंच होतं. पण या बाईला मी आता काय तोंड दाखवू, असं झालं.

मंदाताई मात्र थांबल्या नाहीत. ‘भांडू द्या त्यांना,’ म्हणाल्या. ‘मला सवं हाय. घरी दोन भावजया हायत.’ त्या गोंधळातच त्यांनी नवी प्रणाली उघडली आणि टॅब दाबायला सुरुवात केली. वरच्या पट्टीवर कंपनीचं नाव, तारीख, कुणाचं लॉगिन. तिथं दोन आवाजांची खेचाखेची चालूच होती, याचं पुढं त्याचं मागं. मग त्या खाली चलनाच्या भागात उतरल्या.

‘बटन,’ भारदस्त आवाज म्हणाला. ‘बटन,’ डबा म्हणाला. पुढचं टॅब. दोघं जवळजवळ एकदमच, ‘बटन.’ पुन्हा टॅब. ‘बटन.’ मघापासून एकमेकांना बोलू न देणारे दोघं त्या ठिकाणी एकच शब्द बोलून गप्प होत होते.

कुलथे साहेबांनी हात वर केला. ‘थांबा. परत वर जा, परत खाली या.’

मंदाताई वर गेल्या. भांडण. खाली आल्या. ‘बटन. बटन.’

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. ‘हे दोन्ही एकाच कंपनीचे?’

माझ्या आधी शकील बोलला. ‘तौबा, तौबा! साहेब, यांचं आमचं पाणीसुद्धा वेगळं.’

‘म्हणजे बनवणारे वेगळे, विकणारे वेगळे.’

‘आमी तर विकतच नाही,’ शकीलनं तेवढ्यातही टोला मारून घेतला.

साहेब रेवतीकडे वळले. ‘मॅडम, मी शॉपवरचा, मशीनवरचा माणूस. तिथं भाग मोजायच्या एका गेजनं जॉब चुकीचा दाखवला तर आम्ही म्हणतो, गेज तपासा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची गेज लावली आणि दोन्ही तेच दाखवायला लागली, तर मग आम्ही गेजला दोष देत नाही. जॉब बाजूला ठेवतो. तुमचा जॉब बघू जरा.’

रेवतीनं लॅपटॉप उघडला. थोडा वेळ खाली-वर केलं. तिच्याबद्दल मला पुढं फार आदर वाटला, कारण तिनं सारवासारव केली नाही. ‘सर, बटणांवर नुसती चित्रं आहेत. नावं दिलेली नाहीत.’

‘का?’

‘कुणी मागितली नाहीत.’

‘मग आता मागतोय,’ साहेब म्हणाले.

तिनं तिथंच बसून पहिल्या बटणाला नाव दिलं. मंदाताईंनी पान नव्यानं उघडलं. भांडण सुरू झालं, त्या खाली उतरल्या, टॅब दाबलं, आणि दोन्ही आवाज बोलले, ‘क्रिएट चलान, बटन.’ मंदाताईंनी मागं जाऊन पुन्हा एकदा ऐकलं, मग पुन्हा. पदरानं तोंड पुसलं. टेबलाखाली शकीलचा हात चाचपडत माझ्या हातापाशी आला आणि त्यानं तो दाबून धरला. माझे डोळे भरले होते. खोलीतल्या डोळस माणसांना ते दिसलं असणार, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

‘आता तरी एकाला गप्प करा रे,’ कुलथे साहेब म्हणाले. मग मी माझं बंद केलं. शकील म्हणाला, ‘नको शेठ, मी करतो,’ आणि त्यानं त्याचंही बंद केलं. खोली एकदम शांत झाली आणि मंदाताई ओरडल्या, ‘आता मला दिसंना झालं की काय बी! चालू करा कुनाचं तरी!’

बाकीच्या बटणांना नावं द्यायचं काम रेवतीनं शनिवार-रविवारी घरी बसून केलं. थोडं झालं की ती मंदाताईंना फोन करायची, ‘हे वाचतंय का?’ आणि निघोज्यातून उत्तर जायचं, ‘वाचतंय, पन त्ये बारक्या अक्षरातलं राह्यलंय.’ अक्षर बारकं आहे हे मंदाताईंना कसं कळलं, ते रेवतीनं विचारलं नाही आणि मी विचारलं तर मला म्हणाल्या, ‘बारकं आसतं त्येच सांगायचं राहतं समद्यांचं.’

या धंद्यात मी बरीच वर्षं काढली. आपल्या वस्तूची बाजू मांडता मांडता, ज्याच्यासाठी ती वस्तू आहे त्याची बाजू मांडायची राहून जाते, एवढं मला त्या शुक्रवारी कळलं. शकीलला ते आधीपासून कळत होतं असं तो म्हणतो. पण त्यानंसुद्धा गुरुवारी मशीनवरून उठताना आपलंच लावून ठेवलं होतं, याची मी त्याला आठवण करून देतो.

सोमवारी नवी प्रणाली सुरू झाली. सकाळपासून माझं कशात लक्ष नव्हतं. पेपर वाचला, काय वाचलं ते कळलं नाही. बायको म्हणाली, स्वतःच्या मुलीच्या निकालाला एवढ्या येरझारा घालत नव्हतात. शेवटी न राहवून मी मंदाताईंना फोन लावला. बराच वेळ वाजला. मग उचलला गेला. पलीकडे सॉफ्टवेअर भन्नाट वेगात काहीतरी बोलत होतं, गेटवर ट्रकचा हॉर्न वाजत होता, आणि कुणीतरी ओरडून नग सांगत होतं.

‘मंदाताई, कसं चाललंय? काही अडचण?’

‘कामात हाय मी, सर. संध्याकाळी करा,’ असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

मी तसाच फोन कानाला लावून उभा राहिलो. इतक्या वर्षांत कुणी माझा फोन असा तोडला असता तर मला राग आला असता. त्या दिवशी मात्र जीव भांड्यात पडला. ही आनंदाची बातमी द्यायला मी लगेच शकीलला फोन केला आणि सांगितलं, मंदाताईंनी माझा फोन तोडला.

तो म्हणाला, ‘नशीबवान आहात शेठ. माझा तर उचललाच नाही.’